गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी



आज पापड-लोणच्याचं काही नाही आणि कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज आम्ही बोलणार आहोत गाडीबद्दल. त्यातही क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या जुन्या गाडीबद्दल. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना याच्याशी काय देणंघेणं? तर ऐका.

आमच्या गटात एक ताई आहेत. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे डाव्या पायात बळ नाही. गटाचा मसाला, पापड आणि नाचणीची बिस्किटं घेऊन पसरणीचा घाट चढायचा आणि पाचगणीच्या दुकानांत माल पोचवायचा, हे काम त्या करतात. साध्या गाडीत क्लच दाबायला डावा पाय लागतो. ऑटोमॅटिक गाडीत दोनच पायडल असतात, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, आणि दोन्ही उजव्या पायाने चालतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी गटाने ठराव केला आणि अंतर्गत कर्जातून एक छोटी, वीस वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. तीन गिअरची, जुन्या बांधणीची.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गाडी कुरकुर करू लागली. सकाळी लिव्हर डीवर टाकला तरी जागची हलायची नाही. तीन-चार सेकंदांनी एकदम हिसका देऊन निघायची. घाटातल्या वळणांवर इंजिन नुसतं रेस व्हायचं, गाडी मात्र पुढे सरकायची नाही. ताईंच्या मागे एसटी हॉर्न वाजवत उभी, आणि त्यांच्या हाताला घाम. गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मिस्त्रींनी पाच मिनिटं फिरवून आणली आणि सांगितलं, "गिअरबॉक्स गेला. टॉर्क कन्व्हर्टरही गेला असणार. ५५ हजार लागतील. नाहीतर भंगारात काढा."

त्या महिन्याची बैठक आम्ही विसरणार नाही. कर्जाचे अकरा हप्ते बाकी होते. कुणी म्हणालं, विकून मोकळ्या व्हा. कुणी म्हणालं, आधीच सांगितलं होतं, जुनं लोखंड गळ्यात घेऊ नका. ताई काहीच बोलल्या नाहीत. गाडी गेली तर त्यांचं कामच जाणार होतं. शेवटी आम्ही गटाकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "कधी होतं? गार असताना की गरम झाल्यावर? कोणत्या गिअरला होतं? रिव्हर्सला होतं का?"

आमच्याकडे एकाही प्रश्नाचं नीट उत्तर नव्हतं. ५५ हजारांचा निर्णय आम्ही एवढ्या माहितीवर घ्यायला निघालो होतो.

त्या पंधरा दिवसांत जे शिकलो, ते आज सांगतो. आधी ही गाडी चालते कशी ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखाही फिरायला लागतो. दोघांमध्ये जोड कुठलाच नाही, फक्त हवा आहे. आता हवेच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद लोखंडी डब्यात घाला. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. इंजिन फिरलं की तेल उसळतं आणि दुसऱ्या पंख्याला फिरवतं. म्हणूनच सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. एक पंखा फिरतो, दुसरा थांबलेला असतो, आणि मधलं तेल ते सोसतं.

पण नुसते दोन पंखे असतील तर ताकद वाढत नाही. त्यासाठी मध्ये तिसरं चाक असतं, त्याला स्टेटर म्हणतात. शेतात दारं धरताना पाणी उलटं फिरतंय असं दिसलं की आपण फावड्याने माती ओढून त्याला परत सरीत वळवतो ना? स्टेटर तेच करतो. दुसऱ्या पंख्यावरून उलट्या दिशेने परतणारं तेल तो सुलटं वळवून पुन्हा कामाला लावतो. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना इंजिनचा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढतो. गाडीने वेग घेतला की या वळवण्याची गरज संपते, आणि स्टेटर तेलाबरोबर मोकळा फिरू लागतो. तो एकाच दिशेला मोकळा फिरतो, दुसऱ्या दिशेला अडतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. या सगळ्या डब्याला म्हणतात टॉर्क कन्व्हर्टर.

ही कल्पना मोटारीसाठी निघालेली नाही. १९०५ साली हर्मन फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने जहाजांसाठी तिचं पेटंट घेतलं. अमेरिकेत १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ऑटोमॅटिक आली, आणि १९४८ साली ब्यूइक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर बसला. आपल्याकडच्या जुन्या छोट्या ऑटोमॅटिकमध्येही तेच तत्त्व आहे.

कन्व्हर्टरच्या मागे खरा गिअरबॉक्स. त्यात दातेरी चाकं असतात, आणि कोणतं चाक धरायचं, कोणतं सोडायचं हे ठरवणाऱ्या क्लचच्या चकत्या आणि पट्टे असतात. त्यांना दाबतं कोण? तेलाचा दाब. तो दाब इंजिनवर फिरणारा पंप तयार करतो. म्हणजे या गाडीत तेल चार कामं करतं. जोर पोचवतं, क्लच दाबतं, भागांना वंगण देतं आणि उष्णता बाहेर नेतं. साध्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल थोडं कमी झालं तर लगेच काही कळत नाही. इथे तेल कमी झालं की गाडी चालायचीच थांबते, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं गिअरबॉक्स गेला.

आता आमची चूक सांगतो. आम्ही दर सोमवारी तेल तपासत होतो. गाडीच्या वहीत रकाना आखला होता, तारीख आणि पुढे बरोबरची खूण. वर्षभराच्या खुणा व्यवस्थित होत्या. मिस्त्रींनी वही पाहिली आणि विचारलं, "इंजिन चालू ठेवून बघता की बंद करून?" आम्ही म्हणालो, बंद करून, सकाळी गार असताना. इंजिनचं ऑइल तसंच बघतात ना. ते म्हणाले, "तिथेच फसलात."

गाडी बंद असते तेव्हा कन्व्हर्टरमधलं आणि नळ्यांमधलं बरंच तेल खालच्या पॅनमध्ये उतरतं. त्यामुळे पट्टी भरलेली दिसते. इंजिन चालू झालं की पंप ते तेल वर ओढून घेतो, आणि खरी पातळी तेव्हा कळते. आमची पट्टी वर्षभर भरलेली दिसत होती आणि आत तेल कमी होत चाललं होतं.

बरोबर पद्धत अशी. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा. सपाट जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा सावकाश फिरवा आणि परत पीवर आणा. इंजिन चालूच ठेवा. डिपस्टिक काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, काढा आणि बघा. पट्टीवर गार आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतील तर गरमची खूण धरा. मात्र काही कंपन्या लिव्हर एनवर ठेवायला सांगतात, काही इंजिन बंद करून लगेच बघायला सांगतात. म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी वाचा.

आणि बायांनो, हे काम चालू इंजिनवर आहे. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा. रेडिएटरचा विजेवरचा पंखा मधेच आपोआप सुरू होतो. बांगड्यांचा हात पट्ट्याजवळ नेऊ नका.

पातळीबरोबर तेलाचा रंग आणि वासही बघा. पांढऱ्या कागदावर थेंब टाका. बहुतेक जुन्या गाड्यांतलं हे तेल मुळात लाल असतं. लालसर, स्वच्छ असेल तर चांगलं. तपकिरी झालं असेल तर जुनं झालंय. काळपट आणि करपल्याचा वास येत असेल तर आतल्या क्लचच्या चकत्या जळल्यात. गुलाबी, दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. गिअरबॉक्सचं तेल गार करायची नळी बहुधा रेडिएटरमधून जाते, तिथे आतून फुटलं की तेल आणि पाणी एकत्र होतं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

तेल कमी आहे म्हणून भसाभस ओतूही नका. पातळी वर गेली तर फिरणारे भाग तेल घुसळतात, ताकासारखा फेस येतो, फेसात हवा असते, आणि हवेने दाब बनत नाही. म्हणजे जास्त तेलानेही गाडी स्लिप होते. थोडं घाला, थांबा, बघा. आणि पुस्तकात सांगितलेलंच तेल घाला. इंजिन ऑइल चालत नाही, आणि हल्लीच्या सीव्हीटी गाड्यांचं तेलही चालत नाही.

आता मिस्त्रींच्या प्रश्नांकडे येऊ. पहिला प्रश्न, सगळ्या गिअरला होतं की एकाच? घरातला दाखला देतो. गॅसची एकच शेगडी मंद जळत असेल तर आपण तिचा बर्नर साफ करतो. दोन्ही मंद जळत असतील तर सिलिंडर आणि रेग्युलेटर बघतो. इथेही तसंच. पुढच्या सगळ्या गिअरला आणि रिव्हर्सलाही गाडी स्लिप होत असेल, तर दुखणं सगळ्यांच्या सामाईक जागी आहे. तेल, तेलाची जाळी, पंप किंवा कन्व्हर्टर. एकाच गिअरला होत असेल, तर त्या गिअरचा क्लच किंवा पट्टा.

दुसरा प्रश्न, गार असताना की गरम झाल्यावर? सकाळी उशिरा उचलते आणि नंतर ठीक चालते, तर तेल कमी असेल किंवा आतले रबरी सील कडक झाले असतील. काही वेळा रात्रभरात कन्व्हर्टरमधलं तेल जास्तच खाली उतरतं, त्यानेही असं होतं. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर स्लिप होत असेल, तर झिजलेले क्लच किंवा कमजोर पंप. चढावर आणि वळणावर जास्त होतं? तेल कमी असलं की ते पॅनमध्ये एका बाजूला जातं, ओढणाऱ्या जाळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. पसरणीच्या घाटात आमचं तेच होत होतं.

तिसरा प्रश्न, निघताना त्रास आहे की वेगात? कन्व्हर्टर ओळखायची खूण इथे आहे. मघाशी सांगितलं, स्टेटर एका दिशेला अडतो. तो अडायचाच बंद झाला, दोन्हीकडे मोकळा फिरू लागला, तर गाडी जागेवरून मरगळल्यासारखी निघते, चढ चढत नाही, पण एकदा वेग घेतला की बरी चालते. उलट तो कायमचा अडकून बसला, तर निघताना जोर चांगला असतो, पण गाडी वेग घेत नाही आणि तेल फार तापतं. यांपैकी काहीच नसेल, तर नुसता अंदाजाने कन्व्हर्टर बदलू देऊ नका.

चौथा प्रश्न, गिअर कधी पडतो? फार उशिरा पडतो, हिसक्याने पडतो किंवा फार लवकर पडतो, तर अ‍ॅक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल बघायची. पाय किती दाबलाय हे ती गिअरबॉक्सला सांगते. ती ताणली किंवा सैल झाली तर गिअरबॉक्सला चुकीचा निरोप जातो. जुन्या अमेरिकन गाड्यांत केबलऐवजी इंजिनच्या ओढीवर चालणारी रबरी पडद्याची डबी असते. तिचा पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचंच तेल ओढून जाळतं. खाली गळती नाही, तेल मात्र कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, असं दिसलं तर आधी ती डबी.

आणि एक. प्रत्येक वेळी दोष गिअरबॉक्सचा नसतो. इंजिन एका सिलिंडरवर मिस करत असेल, हवेचा फिल्टर चोंदला असेल, ब्रेक चिकटत असतील, तरी गाडी ओढत नाही. इंजिन थांबल्या जागी जास्त रेस असेल तर डीवर टाकताना दणका बसतो. इंजिनखालचे रबर फाटले तरी दणका बसतो. हे सगळं स्वस्तातलं काम आहे. आधी स्वस्तातलं तपासा.

आमच्या गाडीचं काय निघालं? चालू इंजिनवर पट्टी पाहिली तर तेल टोकाला जेमतेम टेकत होतं. तेल गार करणाऱ्या नळीची रबरी जोड रेडिएटरपाशी झिरपत होती. दाब आला की झिरपायची, म्हणजे गाडी चालू असतानाच. घरासमोर उभी असताना खाली एक थेंब नसायचा. मिस्त्रींनी नळी आणि क्लिपा बदलल्या, पॅन खोलून जाळी बदलली. पॅनमध्ये लोहचुंबक असतं, ते आम्हाला दाखवलं. त्यावर करडा लेप होता. ते म्हणाले, एवढा लेप चालतो, चकाकणारे तुकडे असते तर काळजी होती. पॅन खोलून सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून पंधरा दिवस चालवून आणखी एकदा तेल बदललं.

मग त्यांनी एक परीक्षा घेतली. ब्रेक पूर्ण दाबून, डीवर टाकून, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि इंजिन किती फेऱ्यांवर अडतं ते बघायचं. ठरलेल्या आकड्यापेक्षा फेऱ्या फार जास्त गेल्या तर क्लच घसरतोय. फार कमी राहिल्या तर इंजिन अशक्त आहे किंवा स्टेटर मोकळा झालाय. आमचा आकडा पुस्तकातल्या हद्दीत आला, म्हणजे कन्व्हर्टर चांगला होता. पण ही परीक्षा तुम्ही करू नका. पाच सेकंदांच्या वर गेली तर तेल उकळल्यासारखं तापतं, आणि ब्रेक निसटला तर समोरच्या माणसाचा जीव जातो. जाणत्यानेच करायची ती गोष्ट आहे.

केबलही थोडी ताणून घेतली. सगळा खर्च झाला ४ हजार २०० रुपये. ५५ हजारांच्या जागी.

पण गोष्ट इथे गोड करून संपवत नाही. मिस्त्रींनी नंतर घाटात स्वतः गाडी चालवली आणि सांगितलं, "तिसऱ्या गिअरचा क्लच थोडा घसरतोय. मघाची परीक्षा पहिल्या गिअरची होती, तिसरा त्यात कळत नाही. वर्षभर कमी तेलावर चालवल्याची ही झीज आहे." ती चूक आमची. वहीत खुणा करत होतो आणि बघायचं ते बघत नव्हतो. आता ताई घाट चढता-उतरता लिव्हर टूवर ठेवतात. चढताना तिसऱ्या गिअरवर भार येत नाही आणि उतरताना इंजिनचा ब्रेक मिळतो. गिअरबॉक्स एक दिवस खोलावा लागणार हे आम्हाला माहीत आहे. म्हणून बैठकीत ठरवलं, मालाच्या प्रत्येक फेरीमागे ५० रुपये गाडीच्या नावाने बाजूला टाकायचे.

जाता जाता दोन गोष्टी. ऑटोमॅटिक गाडी रस्त्यात बंद पडली तर इंजिनची ताकद जाणारी चाकं जमिनीवर ठेवून टोचन लावू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे आत वंगण नाही. चालता गिअरबॉक्स तेवढ्यात खराब होतो. ती चाकं उचलून न्या, नाहीतर गाडीच ट्रकवर चढवा. आणि चढावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग पी. गाडीचा सगळा भार पीच्या एका लहानशा खुंटीवर टाकू नका.

आता वही-पेन घेतलं असेल तर लिहून घ्या. गार की गरम. चढ, वळण की सपाट. निघताना की वेगात. एकच गिअर की सगळे, आणि रिव्हर्सचं काय. तेलाची पातळी, रंग, वास. गाडीखाली डाग आहे की नाही. आठ दिवस हे लिहा आणि मग गॅरेजमध्ये जा. मिस्त्रींनी मोठा आकडा सांगितला तर भांडू नका. वही पुढे करा आणि विचारा, "दादा, यातल्या कशावरून म्हणता?" जाणता माणूस उत्तर देतो. उत्तर नसेल तर गाडी परत आणा.

ताई आजही पाचगणीला जातात. दर सोमवारची खूण आता त्या स्वतः करतात, इंजिन चालू ठेवून.